गावंडेबाईंचा बेटा

विनिपेगच्या ज्या कॅन्सर सेंटरात मी काम करत होते, तिथे गावंडेबाईंना सगळे ‘डॉक्टर जी’ म्हणायचे. गोऱ्या लोकांना ‘गावंडे’ म्हणता येत नसे. गवँडी, गॉडी, एकदा तर थेट गांधी, असे प्रयोग करून थकल्यावर त्यांनी नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर तेवढं ठेवलं. पंजाबी पेशंटांना वाटे, हा आदराचा ‘जी’ आहे, आणि हे गोरे किती सभ्य! बाई स्वतः दर्यापूरकडच्या. त्यांच्या वऱ्हाडीत ‘काय जी’ आणि ‘हो ना जी’ पावलोपावली यायचं. त्यामुळे कोणीही कुठल्याही अर्थाने हाक मारली तरी त्या ‘काय जी?’ म्हणून वळत आणि ज्याला त्याला आपलंच उत्तर मिळाल्यासारखं वाटे.

मी त्यांच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले, तो फेब्रुवारी होता. बाहेर उणे पस्तीस. मी पुण्याहून आणलेले दोन स्वेटर, त्यावर उसना पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, आणि नाकावर मफलर अशा अवतारात दारात उभी होते. बाईंनी मला खालून वर पाहिलं.

“पुण्याची ना तू?”

“हो, मॅडम.”

“मॅडम नको, बाई म्हण. जेवली का?”

सकाळचे नऊ वाजले होते. मी म्हटलं, “नाश्ता झालाय.”

“नाश्त्याचं नाई विचारून राहिली मी.” असं म्हणून त्यांनी ड्रॉवर उघडला. त्यात ग्लव्ह्जचे खोके, मार्कर पेन आणि एका डब्यात सांबारवडी होती. मी चांगुलपणाने म्हटलं, “वा, कोथिंबीरवडी!” तिथे आमचा पहिला वाद झाला. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, वडीला वेगळं आवरण असतं, आत सारण असतं, आणि पुण्याच्या लोकांनी या विषयात बोलू नये, हे सगळं मला कामाचा पहिला कागद हातात पडायच्या आधी समजलं. लॅबमध्ये खायला परवानगी नव्हती, म्हणून बाईंनी मला डब्यासकट कॉरिडॉरमध्ये उभं केलं आणि मी खाऊन होईपर्यंत त्या दारात थांबल्या.

उंची बेताची, केस आखूड कापलेले, पायात वर्षभर तेच जाड तळव्यांचे बूट. नातीने दिलेला, मूस नावाच्या कॅनडातल्या दांडग्या हरणाचा बिल्ला लॅबकोटवर लावलेला असे. चालताना त्या हात मागे बांधत, शेतावर फेरी मारणाऱ्या माणसासारख्या. आणि हसत मोठ्याने. त्यांचं हसणं लिफ्टच्या आधी आमच्या मजल्यावर पोचायचं.

त्यांचं काम फुफ्फुसाचं. छातीतल्या कॅन्सरवर रेडिएशन देतात. गाठ जळते, पण किरणांच्या वाटेत थोडं निरोगी फुफ्फुसही येतं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. काहींना मात्र सगळं नीट पार पडून दोन-तीन महिने झाले की कोरडा खोकला सुरू होतो, दम लागतो, बारीक ताप येतो. कोणाला होणार आणि कोणाला नाही, हे आधी कळत नाही. ते रक्तावरून आधी ओळखता येईल का, याचा शोध बाईंनी आयुष्यभर घेतला.

एकदा मंडळाच्या गणपतीत, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये, आरतीनंतर पेपर प्लेटमध्ये मसालेभात खाताना चार बायकांनी त्यांना घेरलं. एकीचा गुडघा दुखत होता, दुसरीला थायरॉइडची गोळी बदलून हवी होती.

“मी उंदरांची डॉक्टर आहे माय,” बाई म्हणाल्या. “माह्याकडे पीएचडी आहे. गुडघ्याले हात लावला तर पोलीस येतीन.”

“मग तुम्ही नेमकं करता काय?” गुडघेवाल्या काकूंनी जरा रागानेच विचारलं.

बाईंनी प्लेट खाली ठेवली. त्यांचे वडील जिनिंग फॅक्टरीत कामाला होते. लहानपणी तिथे कापसाला आग लागलेली त्यांनी पाहिली होती. त्या सांगू लागल्या, “कापसाची आग वरून विझलेली दिसते. लोक घरी जातात. आतून मात्र ते धुमसून राह्यते, आणि आठ-दहा दिवसांनी भलत्याच ठिकाणाहून धूर निघते. रेडिएशननंतर फुफ्फुसात काहीसं असंच होते. ज्या पेशी भाजल्या, त्या ओरडतात. ओरडतात म्हणजे बारीकबारीक प्रोटीन सोडतात, ‘या, धावून या’ म्हणून. मग शरीरातले शिपाई येतात. ते चांगलंच आहे. पण कधी कधी आग विझली तरी ओरडणं थांबतच नाई. शिपाई येतच राह्यतात. आणि मग त्या गर्दीनंच फुफ्फुस सुजते. पुढे तिथं जून चामड्यासारखा कडक डाग पडते. मी ते ओरडणं ऐकाचा प्रयत्न करते, बस.”

काकूंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, “म्हणजे गुडघ्याचं काही सांगता येणार नाही.”

“नाई,” बाई म्हणाल्या, आणि दोघीही इतक्या हसल्या की पलीकडे हाउजी खेळणारी मुलं वळून बघायला लागली.

या ओरडणाऱ्या प्रोटीनांमध्ये बाईंचं एक लाडकं होतं. त्याचं नाव टीजीएफ-बीटा. फुफ्फुसात कडक डाग पाडण्याचा हुकूम प्रामुख्याने तेच देतं. हरियाणाच्या एका पेशंटने ते ‘बेटा’ असं ऐकलं, आणि तेव्हापासून लॅबमध्येही ते बेटाच झालं. “आज बेटा काय म्हणते?” असं विचारत बाई सकाळी आत यायच्या. आमचा मार्क, सस्कॅचेवानच्या शेतकऱ्याचा मुलगा, सगळी आकडेमोड बघायचा, तोही मीटिंगमध्ये न अडखळता ‘बेटा’ म्हणे.

आणि बेटाने नाव काढलं होतं. बाईंच्या अभ्यासाच्या पहिल्या भागात एक गोष्ट स्वच्छ दिसली होती. रेडिएशन संपताना ज्यांच्या रक्तात बेटा जास्त, त्यांनाच पुढे फुफ्फुसाचा त्रास जास्त होत होता. रक्ताच्या एका थेंबावरून आधी सांगता येईल, अशी आशा दिसायला लागली. दुसऱ्या गावांतल्या लॅब्ज त्यावर काम करू लागल्या. माँट्रियलच्या मोठ्या परिषदेत बाईंचं भाषण ठरलं. पुढच्या कामाच्या निधीचा अर्जही याच निकालावर उभा होता, आणि माझी आणि मार्कची नोकरी त्या अर्जावर.

बाईंची एक सवय त्यांच्या हुद्द्याला शोभणारी नव्हती, असं काहींचं मत होतं. रोज दुपारी त्या चहाचा मग घेऊन रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत जात आणि रेडिएशनच्या वेटिंग रूममध्ये बसत. कोणी विचारलं तर म्हणत, “माह्ये प्रोटीन जिथं राह्यतात, ते घर पाहून येते.” तिथे त्या रोगाबद्दल चकार शब्द बोलत नसत. हायवेवर बर्फ किती, विंटर टायर कोणते घ्यावे, मेथी कुठल्या दुकानात ताजी मिळते, यावर गप्पा चालत. आमच्या मीटिंगमध्ये कोणी इंग्रजीत ‘हा पेशंट उपचारात फेल झाला’ असं बोलून गेलं, की मात्र बाई हात वर करत. “माणूस नापास होत नाही. उपचार नापास झाला. वाक्य दुरुस्त करा.” मोठमोठ्या डॉक्टरांना त्यांनी वाक्य पुन्हा म्हणायला लावलेलं मी पाहिलं आहे, आणि ते म्हणतही.

त्या वेटिंग रूममध्येच हरदेव सिंग भेटले.

हरदेव सिंग ट्रक चालवायचे, विनिपेग ते थंडर बे. फुफ्फुसात गाठ निघाली, जुलैमध्ये रेडिएशन झालं. उंचपुरा, मेंदीने दाढी रंगवणारा माणूस. जुलैभर त्यांची आणि बाईंची चहाची सोबत होती. आमच्या अभ्यासातही त्यांनी आपलं रक्त दिलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते तपासणीची तारीख बदलून घ्यायला आले, तेव्हा बाई नेहमीच्या खुर्चीवर होत्या आणि मी त्यांना काहीतरी विचारायला गेले होते.

हरदेव सिंग काउंटरपाशी उभे होते, पाठ आमच्याकडे. खोकले. कोरडा, आखूड खोकला. बाईंनी मग खाली ठेवला.

“हरदेवजी, ये खाँसी कब से?”

“ओ डॉक्टर जी!” ते वळले. चेहरा उतरला होता. “तीन-चार हफ्ते हो गए. वॉक-इन क्लिनिक वाले बोले, निमोनिया है. एंटीबायोटिक दी. फिर दूसरी दी.”

“आराम पडा?”

“ना जी. अब तो ट्रक की सीढ़ी चढ़ते साँस फूल जाती है.”

“वॉक-इन में बताया था, रेडिएशन हुआ है?”

“वो तो जुलाई में हो गया ना जी. खतम. उसका क्या बताना?”

बाई उठल्या. हात मागे बांधलेले नव्हते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. “अनघा, यांच्याजवळ बस. जाऊ देऊ नको,” मला म्हणाल्या आणि आत डॉ. फ्रीसनकडे गेल्या. डॉ. फ्रीसन हे हरदेव सिंगांना रेडिएशन देणारे डॉक्टर, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, आज फार गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात बघू. बाई म्हणाल्या, ठीक आहे, मी इथेच उभी राहते. आणि त्या त्यांच्या दारात खरोखरच उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हसून ‘हॅलो’ म्हणत होत्या. थोड्या वेळाने डॉ. फ्रीसनांनी फोन उचलून सीटी स्कॅनवाल्यांना जागा करायला सांगितली.

संध्याकाळी डॉ. फ्रीसन, बाई आणि मी स्कॅनच्या पडद्यासमोर होतो. जंतुसंसर्ग नाही, रक्ताची गुठळी नाही, हे बघून झालं होतं. फुफ्फुसात एक पांढुरका पट्टा दिसत होता, आणि त्याची एक कड पट्टी लावून आखल्यासारखी सरळ होती.

“पाह्यलं?” बाई मला हळूच म्हणाल्या. “न्यूमोनिया फुफ्फुसाच्या भागाभागानं पसरते. तो अशी रेघ मारत नाई. अशी रेघ दिसली की समजाचं, ती आपल्या मशीनची आहे. जिथवर किरणं गेले, तिथवर सूज.”

हरदेव सिंगांना स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याभरात खोकला कमी झाला. गोळ्या हळूहळू कमी करायच्या होत्या. नर्सने तसं नीट समजावलं होतं. पण चेहरा सुजतोय, साखर वाढतेय म्हणून त्यांनी बरं वाटताच परस्पर सगळ्या बंद केल्या, आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा दम लागून सेंटरात हजर झाले. औषधांचं डॉ. फ्रीसनांनी पाहिलं. रागवायचं काम बाईंनी अंगावर घेतलं.

“आप हायवे पे ट्रक एकदम रोकते हो क्या?”

“ना जी. पीछे का माल आगे आ जाएगा.”

“तो गोली क्यूँ एकदम रोकी?”

हरदेव सिंगांनी कान पकडले. एवढा मोठा माणूस वेटिंग रूममध्ये कान पकडून उभा, आणि समोर त्यांच्या खांद्यापर्यंतही न पोचणाऱ्या बाई! सगळी खोली हसत होती. पुढे त्यांनी गोळ्या सांगितल्या तशा घेतल्या आणि मार्चमध्ये पुन्हा ट्रकवर चढले.

इथे ही गोष्ट दुसऱ्या कोणासाठी संपली असती. बाईंच्या मात्र डोक्यात ती तेव्हाच सुरू झाली होती. अभ्यासातल्या आकड्यांवरून कोणावर उपचार करायचे नाहीत, असा नियम होता, आणि तो पाळला जात होता. पण हरदेव सिंगांचा आकडा आम्हाला दिवाळीनंतर दिसला, तेव्हा तो कमी होता, अगदी कमी. बेटाच्या हिशेबाने हा माणूस सुरक्षित होता.

“एक अपवाद आहे,” मार्क म्हणाला. “एवढ्या लोकांमध्ये एखादा निघणारच.”

“मार्क, त्यांना खोकताना मी ऐकलंय,” बाई म्हणाल्या. “अपवाद असा खोकत नाही.”

मग त्यांनी अभ्यासाच्या दुसऱ्या भागातले, म्हणजे त्या उन्हाळ्यातले, बाकीचे आकडे काढायला सांगितले. आणखी काही जण तसेच निघाले. त्रास झालेला आणि बेटा कमी. पुढचे कित्येक दिवस बाई हात मागे बांधून लॅबमध्ये फेऱ्या मारत होत्या. आम्ही रसायनं तपासली, यंत्र तपासलं, माझे हातही तपासले. सगळं ठीक होतं.

त्याच वर्षी डिसेंबरमधल्या एका दुपारी मी जुन्या इमारतीतून रक्ताच्या नळ्या आणत होते. बाई चहा घेऊन त्याच वेळी परत निघाल्या होत्या. दोन इमारतींच्या मध्ये रुंद रस्ता. पायी जाणाऱ्यांचा दिवा लागेना. वारा असा की पापण्यांवर बर्फ जमलं. मी प्लॅस्टिकचा खोका हातात धरून नाचत होते.

“थंडी वाजते का वं?” बाईंनी विचारलं.

“मला सोडा बाई, या नळ्यांना वाजत असेल,” मी सहज म्हटलं.

दिवा लागला. मी रस्ता ओलांडून पलीकडे पोचले आणि मागे पाहिलं, तर बाई तिथेच उभ्या. गाड्या हॉर्न देत होत्या. बाई माझ्या हातातल्या खोक्याकडे बघत होत्या.

रक्त साकळायला मदत करणाऱ्या ज्या प्लेटलेट्स असतात, त्यांच्या पोटात हेच बेटा प्रोटीन साठवलेलं असतं. नळीतलं रक्त गारठलं की प्लेटलेट्स चिडतात आणि ते ओतून टाकतात. म्हणजे आम्ही जे मोजत होतो, ते पेशंटच्या शरीरातलं नसून विनिपेगच्या रस्त्यावर नळीत तयार झालेलं असू शकत होतं. आणि पहिल्या भागातले सगळे नमुने हिवाळ्यात घेतलेले. फुफ्फुसाच्या गाठीवर मोठं रेडिएशन जुन्या इमारतीत होई, त्या लोकांचे नमुने रस्ता ओलांडून येत. त्रासही त्यांनाच जास्त होई, कारण त्यांच्या फुफ्फुसावर किरणं जास्त पडत. ज्यांना कमी रेडिएशन लागे, ते आमच्याच नव्या इमारतीत, लॅबच्या खालच्या मजल्यावर. त्यांचं रक्त लिफ्टने उबेत वर येई. हरदेव सिंग जुन्या इमारतीतले होते, पण जुलैतले; त्यांची नळी गारठलीच नव्हती.

“हे पुस्तकात लिहिलेलं आहे,” बाई लॅबमध्ये येऊन पार्का न काढताच म्हणाल्या. “मी वाचलेलं आहे. शिकवलेलंही आहे. पण पुस्तकातली थंडी वेगळी वाटली मले, आपला रस्ता वेगळा वाटला.”

“पण अजून सिद्ध झालेलं नाही,” मार्क म्हणाला.

“मग करू.”

रीतसर परवानगी काढून लॅबमधल्या सगळ्यांनी जुन्या इमारतीत जाऊन रक्त दिलं. प्रत्येकाच्या रक्ताचे दोन भाग. एक भाग आमच्या नेहमीच्या खोक्यात, दुसरा जाड थर्माकोलच्या उबदार पेटीत. बाईंनी स्वतः ट्रॉली ढकलली. मी आणि मार्क दोन्ही बाजूंनी. उणे तीस असेल. बाईंनी मुद्दाम दिवा एकदा चुकवला, नेहमी चुकतो तसा. शेजारी उभ्या पोस्टमनने विचारलं, काय नेताय एवढं जपून? बाई म्हणाल्या, “माझ्या मुलाची परीक्षा आहे.” तो म्हणाला, “गुड लक टु हिम.”

चाचणीत प्रोटीन जास्त असेल तर बशीच्या खळग्यात पिवळा रंग गडद येतो. शेवटचा थेंब टाकून मी बशी उजेडात धरली. मोजायची गरजच नव्हती. उबदार पेटीतल्या रक्ताच्या रांगेत फिकट, जवळजवळ पाण्यासारखं. खालच्या, नेहमीच्या खोक्यातल्या रक्ताच्या रांगेत गडद पिवळं, हळदीसारखं. माणसं तीच, रक्त तेच.

मार्क खुर्चीवर बसला. मी बाईंकडे बघायचं टाळत होते. माँट्रियलचं भाषण पुढच्या महिन्यात होतं. अर्ज जाऊन पडला होता. बाईंनी बशी माझ्या हातातून घेतली, चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहिली. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, रडतील.

“माय वो,” त्या म्हणाल्या, “किती सुंदर आलंय!”

आणि हसायला लागल्या. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “इतके वर्षं लाड केले, आणि बेटा खोक्यात बसून येत होता! अनघा, याच्याइतका स्वच्छ निकाल मले आयुष्यात मिळाला नाई वं.”

मार्कला हसू येत नव्हतं. “आता कोणाला सांगायचं आधी?” त्याने विचारलं.

“सगळ्यांना. पण आधी तुमच्याशी बोलते.” त्या त्याच्या समोर स्टूल ओढून बसल्या. हसणं थांबलं होतं. “अर्ज मी उद्या परत मागवते. त्याने तुमच्या दोघांचं नुकसान होईल. ते मला माहीत आहे. दोघांसाठी मी माझ्या ओळखीच्या सगळ्या दारांवर जाईन. पण हा निकाल झाकून एक दिवसही मी इथे येऊ शकणार नाही.”

मार्क मान खाली घालून म्हणाला, “आकडे मीच मांडतो. चांगला तक्ता होईल.”

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये डबा दुप्पट मोठा होता.

माँट्रियलला मी सोबत गेले. बाईंनी भाषणाचं नाव बदललं नव्हतं. सभागृह भरलेलं, पुढच्या रांगेत बेटावर काम करणारे लोक वह्या उघडून बसलेले. बाईंनी पहिल्या चित्रात आपला जुना, गाजलेला आलेख दाखवला. दुसऱ्या चित्रात आमचा रस्ता होता, बर्फ, सिग्नल आणि ट्रॉलीशेजारी उभा मार्क. हशा पिकला. तिसऱ्या चित्रात पिवळी बशी. हशा थांबला.

त्या स्वच्छपणे म्हणाल्या, “मी तुम्हाला जे सांगितलं होतं, ते फुफ्फुसाबद्दल नव्हतं, हवामानाबद्दल होतं.” मग कुठे कुठे चूक झाली, ते एकेक करून सांगितलं. आमचं नाव फक्त आभारांत घेतलं, चुकीत नाही.

प्रश्नांच्या वेळी लोक आपापल्या वह्यांतच बघत राहिले. अध्यक्षबाई फ्रेंचमध्ये ‘मेर्सी’, म्हणजे धन्यवाद, म्हणून आटोपतं घेणार, इतक्यात पुढच्या रांगेतले एक वयस्कर शास्त्रज्ञ उठले. बाईंच्या निकालावर त्यांनी सर्वांत जास्त काम उभारलं होतं. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, “आमचे नमुने कुरियरने येतात. ट्रकमध्ये किती वेळ असतात, मला माहीत नाही.” मागून कोणी म्हणालं, “आमचेही.” आणि मग त्या सभागृहात आपापल्या नळ्या कुठून, कशा येतात, यावर अशी चर्चा जुंपली की चहाची वेळ टळून गेली. बाई स्टेजवर मजेत उभ्या होत्या, लग्नघरातल्या यजमानिणीसारख्या.

पण म्हणून लगेच सगळं गोड झालं, असं नाही. त्या वर्षी निधी मिळाला नाही. लॅबच्या दोन खोल्यांची एक झाली. मार्क बाईंच्याच शिफारशीवर दुसऱ्या विभागात गेला. माझे अर्धे दिवस खालच्या मजल्यावरच्या लॅबने घेतले. बाई मात्र रोज त्याच बुटांत त्याच वेळी येत होत्या. पुढे त्यांनी नव्याने, लहान प्रमाणात, नमुने कायम उबेत ठेवून काम उभं केलं. एकच प्रोटीन पकडून बसायच्याऐवजी ओरडणाऱ्या सगळ्यांचं एकत्र ऐकायचं, शिवाय फुफ्फुसावर किती किरणं पडली तेही जमेस धरायचं. त्यातून निघालेलं उत्तर साधंसं होतं, थोडी मदत करणारं. कोणी त्याचा गाजावाजा केला नाही. पण ते हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखंच येत होतं, याचा बाईंना फार अभिमान होता.

आणि सेंटरात एक बदल झाला. रेडिएशन संपलेल्या प्रत्येकाला जाताना एक छोटं कार्ड मिळू लागलं. पुढच्या काही महिन्यांत खोकला आला किंवा दम लागला, तर कुठल्याही डॉक्टरला आधी सांगा की छातीवर रेडिएशन झालंय. इंग्रजी, फ्रेंच, पंजाबी आणि फिलिपिनो लोकांची टागालोग, अशा चार भाषांत. पंजाबीतलं हरदेव सिंगांनी तपासून दिलं आणि त्यात दोन चुका काढल्या.

निवृत्त झाल्यावर गावंडेबाई आणि त्यांचे यजमान व्हँकुव्हरजवळ, कोक्विटलामला, मुलीकडे राहायला गेले. मी तिकडे गेले ते दोन वर्षांनी, व्हँकुव्हरला एका कामासाठी. फोन केला तर मुलगी मीनल म्हणाली, “आई पूलवर आहे, तिथेच या.”

मला वाटलं, नातीला पोहायला घेऊन गेल्या असतील. म्युनिसिपालिटीचा तरणतलाव, उबट हवा, क्लोरीनचा वास. नात रिया काठावरच्या बाकावर टॉवेल घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ बसले.

“आजी कुठे?”

“देअर,” तिने बोट दाखवलं. “शीज इन बिगिनर्स.”

उथळ पाण्यात, डोक्याला निळी टोपी घातलेल्या बाई दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून उभ्या होत्या. बाजूला चार-पाच लहान मुलं आणि एक फिलिपिनो आजोबा. शिकवणारी मुलगी कॉलेजात जाणारी असेल. ती म्हणत होती, मोठा श्वास घ्या, तोंड पाण्यात घाला, आणि बुडबुडे सोडा.

“श्वासाबद्दल मला थोडं माहीत आहे,” बाई तिला म्हणाल्या.

“ग्रेट! देन शो मी,” मुलगी म्हणाली.

बाईंनी श्वास घेतला, तोंड घातलं आणि तत्काळ ठसका लागून वर आल्या. मुलं खिदळली. त्या त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसल्या, नाक पुसलं, पुन्हा घातलं. या वेळी बुडबुडे आले, बरेच. मग मुलीने सांगितलं, आता हात सोडा. बाईंनी काठाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

“आजी, लेट गो!” रिया बाकावर उभी राहून ओरडली.

मी हाक मारणार होते, पण थांबले. बाईंनी एक हात सोडला. थोडं थांबून दुसरा सोडला. पाय तळापासून सुटले, निळी टोपी एका बाजूला कलली, आणि त्या तरंगत काठापासून हळूहळू दूर जाऊ लागल्या.